इंदूताईंचं हंगेरियन

फोन बदलला की मी एकदा तरी त्यातली भाषांची यादी उघडून बघते. मला हवी असलेली मराठी लगेच सापडते, तरी बोट खाली सरकत जातं आणि 'मॉद्यॉर' ह्या शब्दापाशी थांबतं. हंगेरीतले लोक आपल्या भाषेला मॉद्यॉर म्हणतात. रोमन अक्षरांत लिहिलेला तो शब्द कुणीही 'मग्यार' असा वाचेल. मीही तसाच वाचला होता, तेव्हा इंदूताईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "तुझ्या गावाला कुणी अमरावटी म्हटलं तर चालेल का?"

इंदूताई बर्वे. मूळचं नाव इल्दिको. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली.

दोन हजार सालाच्या मागेपुढे मी अमरावतीहून पुण्याला आले. इंग्रजीत एम.ए. केलं होतं आणि त्याचं पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. नारायण पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचे. पुण्यात तेव्हा दर चौथ्या इमारतीत कॉम्प्युटरचं काहीतरी निघत होतं. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाषांतराची एक लहानशी कंपनी होती, तिथे मला नोकरी लागली. सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका निरनिराळ्या भाषांत करून देणं हा आमचा धंदा. जर्मन, फ्रेंच, जपानी शिकलेली माणसं पुण्यात हवी तितकी मिळत. पण एकदा लंडनच्या एका प्रकाशकाचं काम आलं. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार, समोर त्यांचं हंगेरियन, अशी एक सीडी त्याला करून हवी होती. आमच्या परांजपे सरांनी लगेच होकार कळवून टाकला. आधी हो म्हणायचं, मग नकाशा बघायचा, ही त्यांची रीत.

नकाशा बघून झाल्यावर सर माणूस शोधायला लागले. माणूस सापडला तो त्यांच्या बायकोच्या ओळखीतून. 'बर्व्यांची गोरी सून' एरंडवण्यात राहते, असं कुणीतरी सांगितलं. ही सून तेव्हा साठीला आलेली होती.

त्या भेटायला आल्या तो दिवस मला आठवतो. फिकट निळी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, आणि हातात पीएमटीचं तिकीट अजून तसंच धरलेलं. सरांनी विचारलं की हंगेरियनची कुठली परीक्षा दिली आहे, काही सर्टिफिकेट वगैरे आहे का. बाई शांतपणे अस्सल पेठी मराठीत म्हणाल्या, "आईने दिलं नाही. तिच्या लक्षात राहिलं नसेल."

मी हसू लपवायला स्क्रीनमध्ये तोंड घातलं.

हे मराठी त्यांना सासूबाईंनी शिकवलं होतं. श्रीधर बर्वे शिष्यवृत्तीवर बुडापेस्टला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते आणि इल्दिको त्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं द्यायला बसायची. तेविसाव्या वर्षी ती लग्न करून नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आली. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता सासूबाईंनी 'इंदू' अशी हाक मारली आणि हिने ओ दिली. नामकरण झालं ते एवढंच. एकदा हिच्या हातून भात करपला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "भात लागला, की तू लावलास?" लागणं आणि लावणं ह्यांतला फरक आपल्याला त्या दिवशी कळला तो कायमचा, असं इंदूताई सांगायच्या.

एका गोष्टीने मात्र त्यांना शेवटपर्यंत दगा दिला. हंगेरियनमध्ये तो, ती, ते असं काही नसतं. बाई, बुवा, सगळ्यांना एकच शब्द. त्यामुळे इंदूताई दमल्या किंवा मनातून हलल्या की त्यांच्या मराठीतलं लिंग सुटायचं. "माझा सासू फार हुशार होता," असं त्या म्हणायच्या, आणि ऑफिसातली पोरं टेबलाखाली माना घालून हसायची.

ती पोरं मलाही हसायची. पहिल्याच आठवड्यात मी "चहा घेऊन राहिली ना मी" असं बोलून गेले आणि पुढे चार दिवस जो तो काहीतरी 'करून राहिला'. इंदूताईंनी एकदा ते ऐकलं. हातातली पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या की वैशाली चुकत नाही, ती तिच्या गावचं बोलते. चुकते ती मी, तेव्हा हसायचं तर मला हसा. त्या दिवसापासून मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी नेली. त्या लिहायच्या आणि मी टाइप करायचे.

लिहायच्या त्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर. कुणाकुणाच्या लग्नाच्या पाठीवर 'गुड मॉर्निंग', 'बेस्ट ऑफ लक' आणि त्यांचं हंगेरियन. मी टाइप केलेल्या पानाची प्रत काढली की त्या फूटपट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासत. त्यांच्या भाषेत एका अक्षराच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा असतात. आमच्या कॉम्प्युटरवर त्या जागी एक नागमोडी लाट उमटायची. मला ते एकच वाटे. इंदूताई प्रत्येक लाटेभोवती गोल काढायच्या. "लाट पोर्तुगिजांची," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे समुद्रच नाही."

काम करताना त्या इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचत आणि मग डोळे मिटून तोंडातल्या तोंडात पुटपुटत. नेमकं सापडलं की चेहरा उजळायचा आणि मला त्याचा शब्दशः अर्थ मराठीत सांगायच्या. आडबाजूच्या गावाला हंगेरियनमध्ये 'देवाच्या पाठीमागे' म्हणतात. मुळुमुळु रडणाऱ्याला विचारतात, उंदरांना पाणी का पाजतोस? कुणी परदेशाच्या फार कौतुकात पडला तर त्याला सांगतात की तिथलीही कुंपणं काही सॉसेजची नाहीत. इंग्रजीतलं सांडलेल्या दुधावर रडण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांच्याकडे मोहाच नावाच्या गावी शेकडो वर्षांपूर्वी तुर्कांनी त्यांचा पुरता पराभव केला, राजाही गेला. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं, फुटलं की लोक म्हणतात, मोहाचला ह्याहून जास्त गेलं. मी म्हटलं, आपल्याकडे पानिपत आहे. त्यांनी मान डोलावली. आल्या आल्याच त्यांच्या हातून काचेची बरणी फुटली होती आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, जाऊ दे, पानिपतात ह्याहून जास्त फुटलं. श्रीधररावांनी भाषांतर करून सांगितल्यावर इंदूताईंना वाटलं होतं, ह्या घरात आपला निभाव लागेल.

एक शब्द मात्र अडला. 'होम'. शाळेतल्या पोरालाही येणारा शब्द, पण इंदूताईंनी तो रकाना तीन दिवस रिकामा ठेवला. शेवटी मी विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे घरी असण्याला दोन शब्द आहेत. माणूस घरात बसून 'मी घरी आहे' म्हणतो तेव्हा 'इत्थोन'. दूर कुठेतरी असताना 'तिकडे माझ्या घरी' म्हणतो तेव्हा 'ओत्थोन'. इंग्रजी शब्दावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळत नाही. मी सहज विचारलं, पुण्याला तुम्ही कुठला शब्द वापरता?

"श्रीधर होता तोवर इत्थोन," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पत्रिकेवर दोन्ही शब्द लिहिले, मधे एक तिरकी रेघ मारली आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.

श्रीधररावांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दोघं स्वयंपाकघरात हंगेरियनमधून बोलत, भांडतही. त्यावर आतून सासूबाईंचा आवाज यायचा की भांडण मराठीत करा, मलाही जरा करमणूक होऊ दे. मुलाला, विनयला, ही भाषा शिकवायची राहूनच गेली. आधी मराठी नीट येऊ दे, मग इंग्रजी येऊ दे, असं होता होता तो अमेरिकेला गेलासुद्धा. बुडापेस्टला एक बहीण होती, तिची पत्रं यायची, तीही गेली. सहा वर्षांत आपण एक अख्खं हंगेरियन वाक्य कुणाशी बोललो नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं, तेही लोणच्याची कृती सांगावी इतक्या साध्या आवाजात. "कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या त्या भाषेत मोजते. एद्य, केत्तो, हारोम. मग गॅस बंद."

म्हणून ह्या कामात त्यांचा जीव होता. एका शनिवारी त्या मला मार्केट यार्डात घेऊन गेल्या. रंगाला लाल पण तिखटाला बेताची अशी ब्याडगी मिरची त्यांना त्यांच्याकडच्या रश्श्यासाठी लागायची, आणि खसखस लागायची केकसाठी. तिकडची खसखस काळी असते, आपली पांढरी. चव जवळपास येते, पण डोळे मिटून खावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मिरचीची पोती हुंगत गाळ्यागाळ्यातून चालताना त्या सबंध वेळ बोलत होत्या. आता एवढे शब्द परत वर आले आहेत की रात्री स्वप्नं त्या भाषेत पडायला लागलीत. स्वप्नात श्रीधरचे उच्चार अजून तसेच चुकतात.

त्याच्या पुढच्या सोमवारी ती ईमेल आली.

पहिली तीनशे वाक्यं आम्ही लंडनला पाठवली होती. त्यांनी ती तपासायला बुडापेस्टमध्ये एकाकडे दिली. तपासनिसाचं नाव नोरा. पानं लाल शेऱ्यांनी भरून परत आली होती. खाली नोराने लिहिलं होतं की व्याकरणात एकही चूक नाही, पण हे कोण लिहितंय? असं आता कुणी बोलत नाही. माझी आजी असं बोलायची.

सरांनी ते वाचलं आणि म्हणाले की आजीबाईंना नारळ द्या आणि इंटरनेटवरून एखादा विद्यार्थी बघा. काम माझ्यावर सोपवून ते मोकळे झाले.

मला ते जमलं नाही. इंदूताई रोज दहाच्या ठोक्याला यायच्या, शबनममधून पत्रिका काढायच्या, आणि ज्याचं आता काही होणार नव्हतं ते मी टाइप करत बसायचे. आठ दिवस मी तसं केलं. नवव्या दिवशी सरांनी विचारलं, तेव्हा ईमेलचा प्रिंट काढून इंदूताईंपुढे ठेवला.

त्यांनी सगळी पानं सावकाश वाचली. 'कूल'साठी त्यांनी त्यांच्या तरुणपणी सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द लिहिला होता. नोराने तो खोडून आता पोरं काय म्हणतात ते लिहिलं होतं. इंदूताईंनी ते दोनदा वाचलं. "चरबी," त्या म्हणाल्या. "छान ह्या अर्थी आता चरबी म्हणतात." मग शेवटच्या शेऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे कधी आलं?"

मी सांगितलं, मागच्या सोमवारी.

"आणि तू आठ दिवस टाइप करत होतीस."

त्यांनी पत्रिका गोळा केल्या, शबनममध्ये ठेवल्या आणि चहा न घेता निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि हे मला त्यांनाच सांगावंसं वाटत होतं.

तीन दिवसांनी त्या आल्या त्या थेट सरांच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं. त्या म्हणाल्या, "तो नोरा बरोबर आहे. मी निघालो तेव्हाची भाषा माझ्याकडे आहे, पुढची नाही. मला त्याच्याशी एकदा बोलायचं आहे. मग नारळ द्या." तो, निघालो, त्याच्याशी. कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं, परदेशी फोनचा खर्च मनात धरला असणार, पण दुसरा माणूस मिळत नव्हता आणि मुदत जवळ आली होती. त्यांनी मला नंबर लावायला सांगितलं.

दुपारचे दोन वाजले होते, तिकडे सकाळ होती. पलीकडे आवाज आला, मी इंग्रजीत नाव सांगितलं आणि रिसीव्हर इंदूताईंकडे दिला. त्या काहीतरी बोलल्या, फार हळू. मग त्या ऐकत राहिल्या. एकाएकी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं ती मुलगी काही लागेलसं बोलली. पण त्यांनी हात काढला आणि परत बोलायला लागल्या. नंतर थांबल्याच नाहीत. चाळीस मिनिटं झाली. सर दोनदा दारात येऊन परत गेले.

फोन ठेवल्यावर त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं. त्या म्हणाल्या की तिने फार अदबीने विचारलं. होद्य तेत्सिक लेन्नि, इल्दिको नेनी? तुम्ही कशा आहात, इल्दिकोमावशी. पण 'तुम्ही'च्याही वरची ती एक रीत आहे. आपलं असणं आपल्याला कसं काय आवडतंय, असं काहीसं ते वाक्य होतं. ते फक्त म्हाताऱ्या माणसांना विचारतात.

"मी निघाले तेव्हा मी असं विचारायची," त्या म्हणाल्या. "दुधाच्या दुकानात, जिन्यात, आजीबायांना. मला कुणीच कधी असं विचारलं नव्हतं. मधलं सगळं झालंच नाही, वैशाली. मी त्या भाषेत तरुण होते, आणि आज एकदम म्हातारी झाले."

मी त्यांची माफी मागितली, त्या आठ दिवसांबद्दल. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या की उंदीर मरतील पाणी पिऊन.

पुढे ते काम दोघींनी मिळून केलं. इंदूताई जुनं सांगायच्या, नोरा नवं सांगायची, भांडण झालं की मी इंग्रजीतून मधे पडायचे. नोराने फ्रीजचा जुना शब्द काढला, 'चरबी' ठेवली. मोहाच मात्र राहिलं. ती सव्वीस वर्षांची होती. आजीने वाढवलं होतं आणि आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. पहिला शेरा आपण तुच्छतेने लिहिला नव्हता, असं तिने मला नंतर वेगळं कळवलं. ती वाक्यं वाचताना तिला आजीच्या आवाजात ऐकू आली होती, आणि ते सहन न होऊन तिने भराभर लाल रेघा मारल्या होत्या. मी ते छापून इंदूताईंना दिलं. त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं.

काम संपलं तरी फोन संपले नाहीत. दर शुक्रवारी दुपारी नोरा त्यांच्या घरी फोन करायला लागली. मग तिने या म्हणून हट्ट धरला, विनयने तिकीट पाठवलं, आणि एवढ्या वर्षांनी इंदूताई तीन आठवड्यांसाठी बुडापेस्टला गेल्या. जाताना बॅगेत पांढरी खसखस आणि ब्याडगी मिरची होती. तिकडची लाल मिरची जगात प्रसिद्ध, तिथे मिरची नेणं म्हणजे पुण्यात भाकरवडी आणणं, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

आल्यावर मी भेटायला गेले. नदी तशीच आहे, लायब्ररीच्या जागी बँक आहे, बहिणीच्या थडग्यावर नोराने आधीच फुलं लावली होती, असं बरंच सांगून झालं. मग त्या तिथल्या एका टॅक्सीवाल्याबद्दल बोलल्या. विमानतळावरून शहरात जाताना तो तरुण मुलगा त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारत होता. उतरताना त्याने सामान काढून दिलं आणि मनापासून कौतुकाने म्हणाला, बाई, तुम्ही फार सुंदर हंगेरियन बोलता. कुठे शिकलात?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पुण्यात."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, त्याही हसल्या. हे सांगतानाही त्या हसत होत्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ आतून भांड्याचा आवाजही आला नाही.

वर्षभराने माझं लग्न ठरलं आणि मी हैदराबादला जायला निघाले. सामान आधीच गेलं होतं. स्टेशनवर जाता जाता रिक्षा त्यांच्या गल्लीत वळवली, दोनच मिनिटं म्हणून. शुक्रवार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. इंदूताई जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकून फोनवर बोलत होत्या. मांडीवर ताट, ताटात अर्ध्या निवडलेल्या गवारीच्या शेंगा. मला बघून त्यांनी हाताने बस अशी खूण केली, पण बोलणं थांबवलं नाही. मी दारातच उभी राहिले. त्या भराभरा बोलत होत्या, मधेच कुणाची तरी नक्कल करत होत्या, हसताना खांदे हलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. एवढ्या भराभर बोलताना त्यांना मी मराठीत कधी ऐकलं नव्हतं. साठी उलटलेली ती बाई मला अगदी कोवळी दिसली.

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी हातानेच निघते असं सांगितलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा हात घट्ट धरला, रिसीव्हर कानाशी तसाच, आणि नोराला काहीतरी सांगितलं. त्यात माझं नाव होतं तेवढं ओळखू आलं.

रिक्षात बसल्यावर वर बघितलं. त्या फोन घेऊन गॅलरीकडे येत होत्या, पण वायर पुरली नाही. दाराच्या चौकटीतून एक हात तेवढा बाहेर आला, मनगटापर्यंत उन्हात, आणि रिक्षा वळेपर्यंत हलत राहिला.